शाळा बंद करायच्या ठरावाबाबत आपल्या मुंबई मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
ग्रामस्थ मंडळ, मुंबई.

स.न.वि.वि.

गौरीपूजनाच्या संध्याकाळी देवळात मंडळाची सभा झाली, तेव्हा मी मागे बायकांत बसले होते. हिशेब वाचून झाला, पालखीच्या खर्चाचं ठरलं आणि मग सचिवांनी एक ठराव वाचला. वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचा पट 7 वर आला आहे, ती खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत समायोजित करण्यास मंडळाची हरकत नाही, आणि रिकामी होणारी इमारत सभागृहासाठी मंडळाला मिळावी. सगळ्यांचे हात वर झाले. मी बोलायला उठले तोवर आरतीची वेळ झाली आणि टाळ वाजू लागले.

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहून पाठवते आहे. तुमच्यापैकी निम्मे जण माझ्या हाताखालून गेले आहेत आणि उरलेल्यांच्या मुलांची नावं मी हजेरीत घेतली आहेत. तुम्ही मला अजून 'बाई'च म्हणता, म्हणून हक्कानं लिहिते. पत्र उघड लिहिण्याचं कारण एवढंच की असा ठराव आपल्या एकट्या वाडीचा नाही. संगमेश्वर, लांजा, राजापूर, कुठेही जा, गणपतीत आणि शिमग्यात मंडळं भरतात तेव्हा हाच विषय निघतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ या. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयानं 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा', म्हणजे अनेक छोट्या शाळा मिळून एक शाळा, करण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले होते. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही उदाहरणं त्यात दिली होती. तेव्हापासून कमी पट म्हणजे शाळा जाणारच, असं गावोगाव लोकांनी मनानं धरलं आहे. पण शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि तो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, ही त्यामागची व्यवस्था आहे. 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, हेही त्याच कायद्यात आहे. आपल्याकडे एकच गुरुजी आहेत, दुसरी जागा किती दिवस रिकामी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ती जागा भरा म्हणून मंडळानं आजवर एकही अर्ज केला नाही, आणि शाळा न्यायला हरकत नाही म्हणून मात्र ठराव केला. याचं मला फार वाईट वाटलं. कुणी मागितला नव्हता तो होकार आपण आपणहून देऊन बसलो.

शाळेच्या पडवीत, दाराच्या डाव्या हाताला, एक संगमरवरी पाटी आहे. चुन्याचे हात बसून बसून तिची अक्षरं बुजली आहेत. मी 2006 मध्ये या शाळेत परत आले तेव्हा नारळाच्या शेंडीनं घासून ती मोकळी केली होती. 'मुंबईस्थित ग्रामस्थांच्या वर्गणीतून, 1954' असं तिच्यावर आहे आणि खाली 38 नावं आहेत. ही माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत होती. गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीनं झोपायची. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. खानावळीचे पैसे दिले, घरची मनीऑर्डर केली, की हातात काय उरत असेल? त्यातून दरमहा चार आणे शाळेसाठी निघत. माझ्या सासऱ्यांच्या ट्रंकेत त्या पावत्या सापडल्या, पातळ गुलाबी कागदाच्या. ज्यांना स्वतःला सही येत नव्हती त्यांच्या पावतीवर अंगठा आहे. चिरे खाणीवरून डोक्यावर आणले ते इथल्या बायकांनी. आपलं मंडळ निघालं ते या शाळेसाठी. पालखी, क्रिकेटचे सामने, सत्कार हे सगळं मागाहून आलं.

आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं आणखी एक सांगते. महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. परीक्षेला बसायला ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत चालत गेले, आणि वयानं लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही, हे आम्ही शाळेत मुलांना सांगत असू. त्याच कर्व्यांनी गावाबाहेर पोटासाठी गेलेल्या मुरूडकरांनी मिळकतीतला काही भाग गावाच्या कामासाठी द्यावा म्हणून 'मुरूड फंड' काढला होता. पुढे 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे शाळा काढायच्या म्हणून त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि त्यासाठी दारोदार वर्गणी मागितली. चाकरमान्यांनी गावची शाळा उभी करायची ही कोकणातली जुनी रीत आहे. तुमच्या आजोबांनी ती पाळली.

आता थोडं माझं. मी राजापूरकडची. जुनी अकरावी झाले, डी.एड. केलं आणि 1978 च्या जूनला जिल्हा परिषदेत लागले. 1980 ला लग्न होऊन तुमच्या वाडीत आले, 1981 ला बदली मिळाली ती याच शाळेवर. माझे यजमान परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. म्हणजे मी इथे, ते तिथे, तुमच्या आयांचा जो संसार होता तोच माझाही. फरक इतकाच की मला त्यांची पत्रं वाचता येत होती.

बाकीच्यांची पत्रं मी वाचायची. चार वाजता शाळा सुटली की पडवीच्या पायरीवर दोघीतिघी बसलेल्या असत. कुणाच्या हातात मनीऑर्डरचं कुपन. त्या कुपनावर मजकुराला केवढीशी जागा असते, त्यात 'सर्व खुशाल, पैसे जपून वापरणे' याच्यापलीकडे काही मावत नाही, तरी ते त्या तीनतीनदा वाचायला लावत. कुणाला उत्तर लिहून हवं असे. एक नवी सून यायची, लग्नाला दोन वर्षं झालेली. मजकूर सांगायची: गाय व्याली, मामंजींचा खोकला कमी आहे, कौलं परतायला पैसे लागतील. मग थांबायची. मी विचारायची, "आणखी काही?" पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघ ओढत म्हणायची, "नाही बाई." असं तीनदा झालं. चौथ्यांदा आली ती पदराखाली पाटी घेऊन. म्हणाली, "मला ते क, ख, ग नको. 'तुम्ही कधी येणार' एवढंच शिकवा."

मी तेवढंच शिकवलं. 'म्ही'पाशी ती आठ दिवस अडली. अर्धा म आणि पूर्ण ह तिला जोडता येईना, पेन्सिल कचकन मोडायची. नवव्या दिवशी जमलं. त्या निळ्या इनलँडवर मी सगळा मजकूर लिहिला आणि शेवटच्या ओळीची जागा मोकळी ठेवली. ती ओळ तिनं लिहिली, मला पाठमोरं बसायला लावून. दिवाळीनंतरची गोष्ट. तो आला शिमग्याला, पण ट्रंक आणि वळकटी घेऊन आला, कारण तोवर गिरणी बंद पडली होती. तिच्यानंतर बाकीच्या बायका आल्या आणि त्याच पडवीत कंदिलावर रात्रीचा वर्ग सुरू झाला. सरकारच्या प्रौढ शिक्षणाच्या कागदावर त्या वर्गाची नोंद फार उशिरा झाली. पुढे याच बायकांचा बचत गट झाला, आणि त्याचे हिशेब त्यांनी स्वतः लिहिले.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तुमच्यातल्या साठीच्या लोकांना मी काय सांगायचं, तुम्ही ते दिवस काढले आहेत. मनीऑर्डरी थांबल्या. पोस्टमन वाडीत येईनासा झाला, आणि आला तरी बायका घराबाहेर येत नव्हत्या. मार्च-एप्रिलपासून बिऱ्हाडं परत यायला लागली. माझे यजमानही आले. ते महिनाभर ओटीवर बसून राहत, कुणाशी बोलत नसत. दुसऱ्या पाळीची वेळ झाली की उठून उभे राहत, आणि मग परत बसत. घर माझ्या पगारावर चाललं. थोरली तेव्हा पोटात होती.

त्या जूनला शाळेत 22 नवी नावं पडली. सगळी मुंबईची मुलं. काहींचे दाखले नव्हते, कारण तिथल्या शाळेतून दाखला काढायला कुणी थांबलंच नव्हतं. मी आणि तेव्हाच्या मोठ्या गुरुजींनी दाखल्यावाचून बसवून घेतलं आणि मागाहून कागद मागवले. एका पाटीवर दोघं बसायची. चाळीतल्या मुलांना पावसात घसरणाऱ्या पायवाटेनं चालता येईना, ती रडायची, आणि इथली मुलं त्यांचा हात धरून आणायची. आज मंडळाच्या कार्यकारिणीत जे बसतात त्यातल्या चौघांची नावं त्या जूनच्या पानावर आहेत, दाखल रजिस्टरात, माझ्या अक्षरात. मुंबईनं हात सोडला तेव्हा पहिली सही कुठे झाली ते तिथे लिहिलेलं आहे.

2020 च्या मे महिन्यात, करोनाच्या टाळेबंदीत, पुन्हा तेच झालं. तुम्ही टेम्पोनं, मोटारसायकलनं, काही जण पनवेलपासून चालत आलात. गावात भीती होती. मुंबईकरांना वेशीवरच थांबवा म्हणणारेही होते, त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या घरात म्हातारी माणसं होती. ग्रामकृती दलाची बैठक झाली तेव्हा मी एवढंच म्हटलं की शाळा मोकळी आहे, ती त्यांनीच बांधली आहे. तुम्ही 14 दिवस तिथे राहिलात. दुपारी आम्ही डबे गडग्यावर ठेवून लांब उभ्या राहायचो आणि तुम्ही येऊन घेऊन जायचात. तुमच्यापैकी एकाच्या सातआठ वर्षांच्या मुलीनं त्या चौदा दिवसांत फळ्यावर गावचा नकाशा काढला, तिला खिडकीतून जेवढा दिसला तेवढा: आंब्याचं झाड, देवळाचा कळस, विहीर आणि डब्यांची रांग. गुरुजींनी पुढे कितीतरी दिवस तो पुसला नाही. ती इमारत तुम्ही आज 'रिकामी होणारी' म्हणून लिहून दिलीत.

आता त्या सात मुलांकडे येते. ठरावात फक्त आकडा आहे, मुलं नाहीत. तिघं धनगरवाड्यावरची. सड्यावरून पाऊण तास उतरून येतात, त्यांत दोन मुली. दोघं नेपाळी जोडप्याची, जे आंब्याची बाग राखायला आलेलं आहे. ही दोन्ही मुलं मराठी वाचायला लागली आहेत आणि आईबापांना दुकानाच्या पावत्या वाचून दाखवतात. एक अंगणवाडीच्या मदतनीस बाईंची मुलगी. आणि सातवा आजीजवळ राहतो, त्याच्या आईवडिलांचं मुंबईत अजून बस्तान बसलेलं नाही.

या सातांपैकी कुणाच्याही घरचं मुंबई मंडळात कुणी नाही. त्या संध्याकाळी हात वर करणाऱ्यांत त्यांचा हात नव्हता. मी तुम्हाला बोल लावत नाही, पण ही गोष्ट तुम्ही ध्यानात घेतली असती तर ठराव वाचताना आवाज थोडा अडखळला असता.

"मोठ्या शाळेत मुलांचं भलंच होईल ना, बाई," असं तुमच्या अध्यक्षांनी मला दुसऱ्या दिवशी म्हटलं. ते मनापासून म्हणाले. त्यात खोटं काही नाही, हेही मी मान्य करते. सात मुलांत कबड्डी होत नाही. एका गुरुजीला चार वर्ग, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका, यात शिकवणं मागे पडतं. चौथीतल्या मुलीला वर्गात दुसरी चौथीतली मुलगीच नाही, तिनं चढाओढ कुणाशी करायची? छत्तीस वर्षं शिकवून मी असं म्हणणार नाही की छोटी शाळा ही आपोआप चांगली शाळा. पण तुम्ही मुलांची शाळा बदलत नाही आहात, तिचा रस्ता बदलता आहात. तो रस्ता मी चालले आहे.

खालच्या शाळेत गाडीरस्त्यानं जायचं तर साडेचार किलोमीटर, आणि त्या वेळेला एस.टी. नाही. पायवाटेनं गेलं तर अंतर निम्मं होतं, पण मधे पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं त्याच पावसात त्यावरचा आपला साकव, म्हणजे छोटा पूल, गेला. त्या जागी आता पोफळीची तीन खोडं एकत्र बांधून टाकलेली आहेत. जूनच्या अखेरीपासून गोकुळाष्टमीपर्यंत त्या खोडांना शेवाळ असतं. मोठी माणसं चपला हातात घेऊन, आडवं पाऊल टाकत जातात. तुम्ही येता गणपतीला, तेव्हा पाणी ओसरायला लागलेलं असतं, पऱ्या खळखळ वाहतो आणि तुम्ही त्यात पाय सोडून बसता, फोटो काढता. तो जुलैत कसा असतो ते तुम्ही फार वर्षांत पाहिलेलं नाही. सहा वर्षांच्या मुलीला दप्तर पाठीवर आणि छत्री हातात घेऊन त्यावरून रोज दोनदा जायचं आहे. समायोजन झालं की वाहतूक भत्ता मिळतो म्हणतात. मिळो. पण भत्त्याला चाकं लागतात, आणि धनगरवाड्यापर्यंत कुठली रिक्षा येते ते मला दाखवा.

यातलं मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून इतकं बोलते. 1986 ची गोष्ट. आपली शाळा तेव्हाही चौथीपर्यंतच होती, पाचवी खालच्या गावात. माझ्या वर्गात एक मुलगी होती, गणितात अशी की पाढे म्हणताना बोटं मोडायची नाही, डोळे मिटायची. चौथीला पहिली आली. जूनमध्ये पाचवीत नाव घातलं, पंधरा दिवस गेली. मग पाऊस लागला, पऱ्याला पाणी आलं, आई म्हणाली थोडं ओसरू दे. ओसरेपर्यंत लावणी आली, लावणीनंतर धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नव्हतं. मी दोनदा घरी गेले. तिसऱ्यांदा जायला हवं होतं, गेले नाही. माझी नोकरी, पदरात चार वर्षांची मुलगी आणि तान्हा मुलगा, घरी सासूबाई अंथरुणाला. कारणं सगळी खरी होती. पण ती मुलगी पुन्हा शाळेत गेली नाही, आणि शाळा मुलीच्या हातून सुटते ती अशीच, कुणी 'शाळा सोड' असं एकदाही न म्हणता. भाऊ पुढे त्याच वाटेनं दहावीपर्यंत गेला. पाणी त्याच्यासाठीही तेवढंच होतं.

ती आज या वाडीत आहे. वर सांगितलेला सातवा मुलगा तिचा नातू. पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर तीच आहे. या समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका, तोही कायदा आहे. तुमच्या ठरावानंतर समितीचीही संमती लागेल असं तिला कुणीतरी सांगितलं, म्हणून परवा ती माझ्याकडे आली होती. पायरीवर बसली. म्हणाली, "बाई, मंडळातली माणसं मोठी आहेत. सही मागायला आली तर काय करू?" मी तिला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, सही तिची आहे. पण तिला तो प्रश्न पडावा अशी वेळ आपण आणली.

मंडळातल्या काही तरुणांनी सभेनंतर आपसांत म्हटलेलं माझ्या कानावर आलं, की बाईंना शाळेचा लळा आहे म्हणून त्या विरोध करतात. लळा आहेच. माझी दोन्ही मुलं या शाळेत शिकली. थोरली आज रत्नागिरीत नर्स आहे, धाकटा डोंबिवलीला राहतो. माझ्या यजमानांनी संपानंतर इथेच माती धरली. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा त्यांनी काजू आणि हापूस लावला, आणि शाळेच्या आवारातली ती दोन रायवळ झाडंही त्यांचीच. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. पण नातू माझा डोंबिवलीत इंग्रजी शाळेत जातो, हे मी लपवत नाही. म्हणून वाडीतली जी पाच मुलं सकाळी व्हॅननं देवरुखला इंग्रजी माध्यमात जातात, त्यांच्या आईबापांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. ज्याला व्हॅन परवडते त्यानं व्हॅन लावावी. मी बोलते आहे ते ज्याच्याकडे व्हॅन नाही त्याच्याबद्दल.

2014 ला निवृत्त झाल्यापासून मी रोज दहा ते अकरा शाळेत जाते. त्याचं मानधन नाही, मला नकोही आहे, पेन्शन पुरते. गुरुजी मराठवाड्यातून आलेले, तरुण, कष्टाळू आहेत. बैठकीला गेले की मी मुलांना धरून बसते. वाचन घेते, शुद्धलेखन घेते. नेपाळी मुलगी 'ळ' म्हणायला शिकली त्या दिवशी तिनं घरी जाईपर्यंत 'केळं, नारळ, फळा, शाळा' असं घोकत वाट काढली. ती मागून चालली होती आणि मी पुढे, म्हणून मला ऐकू आलं.

सभागृह हवं ही तुमची गरज मला पटते. लग्न-बारसं पावसात करायचं तर जागा नाही. पण जागा नाही म्हणजे शाळेचीच जागा, असं कशाला? देवळामागे गावकीची तीन गुंठे पडीक आहे. ती न चालली तर सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर इमारत वापरायची परवानगी जिल्हा परिषदेकडे मागता येईल, शिमग्याला नाही का आपण तिथेच नमनाची तालीम करत? सभागृहासाठी जी रक्कम जमली आहे, तिच्यातून पहिला साकव करा. लोखंडी करा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला. तो शाळा राहिली तरी लागणार आहे, कारण पाचवीपासून मुलं त्याच वाटेनं खाली जातात, आणि मुलीही जायला हव्यात.

आणि तुमची ओळख वापरा. मंत्रालयात फाईल कुठल्या टेबलावर अडते ते तुमच्यातल्या तिघांना नीट माहीत आहे, त्यांची नोकरीच तिथे झाली. ती ओळख तुम्ही रस्त्याच्या डांबरीकरणासाठी वापरलीत, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निधीसाठी वापरलीत. दुसऱ्या शिक्षकाच्या जागेसाठी एकदा वापरून पाहा. कागद मी तयार करून देते, पटसंख्या, अंतर, वाटेचे फोटो, सगळं. जुलैतल्या पऱ्याचे फोटो गुरुजींच्या मोबाइलमध्ये आहेत.

माझी तुमच्याकडे मागणी आहे ती ठराव मागे घ्यायची. सभेत झालेला ठराव सभेतच मागे घेता येतो. त्यात कुणाची मानहानी नाही, उलट ज्यांच्या आजोबांची नावं त्या पाटीवर आहेत त्यांनी ते करावं हे शोभूनच दिसेल.

ग्रामसभा 2 ऑक्टोबरला सकाळी साडेदहाला आहे. यंदा, 2025 ला, गांधी जयंतीलाच दसरा आला आहे, म्हणजे तुम्हाला रजा मागावी लागणार नाही. रात्रीच्या गाडीनं निघून संगमेश्वर रोडला उतरलात तर पहिल्या एस.टी.नं नऊच्या आत पोचता. ग्रामसभेआधी शाळेत सरस्वतीपूजन आहे. सातही मुलं पाट्या घेऊन येणार आहेत, एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायला मी त्यांना या आठवड्यात शिकवते आहे. पाट्या थोड्या जास्त आणून ठेवल्या आहेत. दाखल रजिस्टरही कपाटातून काढून ठेवायला गुरुजींना सांगितलं आहे, 1982 च्या जूनचं पान ज्यांना पाहायचं असेल त्यांच्यासाठी.

तुमच्या,
बाई
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

प्रत: सरपंच व ग्रामसभा, शाळा व्यवस्थापन समिती.